गणितात नापास झालेले गदिमा

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा कमिटीनं मला एक काम दिलं. एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहायचं, आणि ते मुलांनाही वाचता आलं पाहिजे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तेव्हा मी एखाद्या गणितज्ञावर लिहीन असं बहुतेकांना वाटलं असणार. पण मी निवडलेला माणूस मॅट्रिकला गणितातच नापास झालेला आहे. ग. दि. माडगूळकर, म्हणजे आपले गदिमा.

कारण सांगतो. मागच्या गणपतीत आपल्या हॉलमध्ये मुलांचे कार्यक्रम झाले. पहिलीतल्या एका पोरीनं मोराच्या गाण्यावर नाच केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वन्स मोअर दिला. निवेदन करणाऱ्यानं सांगितलं की गाणं आशा भोसले यांचं आहे आणि संगीत पु. ल. देशपांडे यांचं. मी सहज शेजारी बसलेल्या मुलांना विचारलं, हे लिहिलं कोणी? एक म्हणाला, लोकगीत आहे. दुसरा म्हणाला, शाळेच्या पुस्तकातलं आहे. मोठ्यांपैकीही दोघा-तिघांनाच नाव आठवलं. ते गाणं १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातलं, आणि गदिमांनी लिहिलेलं. गाणं घराघरात आहे आणि लिहिणाऱ्याचं नाव मात्र दारातच राहिलं, असं झालंय बघा. म्हणून हा लेख.

माणदेशातला मुलगा

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या गावी, आजोळी झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात हे गाव येतं. त्यांचं स्वतःचं गाव माडगुळे, तेही तिथलंच. या भागाला माणदेश म्हणतात. पाऊस कमी, जमीन खडकाळ, आणि दुष्काळ दर दोन-चार वर्षांनी ठरलेला. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला याचं वेगळं वर्णन करून सांगायची गरज नाही.

त्यांच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. बाळ जन्मलं ते हालेना, रडेना. घरच्यांनी आशा सोडली, पुढची तयारी सुरू झाली. पण सुईणीनं हार मानली नाही. तिनं निखाऱ्याची धग बाळाच्या बेंबीजवळ दिली आणि बाळानं टाहो फोडला. त्या सुईणीनं दोन मिनिटं आधी हात झटकले असते, तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकून होते. पगार बेताचा, खाणारी तोंडं जास्त आणि दर काही वर्षांनी बदली. आई बनूताई. ओव्या, कहाण्या, पुराणातल्या गोष्टी हे सगळं घरातच कानावर पडत होतं. गावात कीर्तन होतं, भजन होतं, जत्रेला तमाशा होता, गोंधळी आणि वासुदेव दारावर येत होते. पुढं गदिमांनी अभंग लिहिला तो वारकऱ्यासारखा आणि लावणी लिहिली ती शाहिरासारखी. त्याचं मूळ या बालपणात आहे. आपलं देगलूर हे गुंडा महाराजांच्या मठाचं आणि धुंडा महाराज देगलूरकरांच्या कीर्तनाचं गाव. लहान वयात कीर्तनातली भाषा कानात बसली की ती जन्मभर जात नाही, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे.

शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध इथं झालं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे आणि चित्रकलेचे मोठे भोक्ते. त्या संस्थानात गरिबाच्या मुलालाही नाटक, चित्रं, पुस्तकं यांचा वारा लागत होता. गजाननला वाचनाचं वेड होतं, नकला करण्याचं वेड होतं. फक्त गणिताशी जमलं नाही. मॅट्रिकची परीक्षा गणितात अडकली आणि शिक्षण तिथंच थांबलं. त्या काळात मॅट्रिक म्हणजे नोकरीचा दरवाजा. कारकुनाच्या थोरल्या मुलासाठी तो दरवाजा बंद झाला, तेव्हा त्या घरात काय झालं असेल याची कल्पना आपण करू शकतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या जिन्यात कोणाकडे पेढे असतात आणि कोणाचं दार लोटलेलं असतं, हे आपण दरवर्षी बघतोच.

कोल्हापूरचे दिवस

मुलगा कोल्हापूरला गेला. त्या वेळी कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेरघर. मास्टर विनायकांच्या कंपनीत काम मिळालं आणि १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात एक छोटी भूमिकाही मिळाली. पैसा मात्र फारसा नव्हता. याच काळात वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून त्यांनी काम केलं. खांडेकर सांगणार आणि हे लिहून घेणार. आजच्या मुलांना हे काम क्षुल्लक वाटेल. पण मोठा लेखक वाक्य कसं उभं करतो, कुठं खोडतो, पात्राच्या तोंडी कोणती भाषा घालतो, हे रोज तासन् तास कानानं ऐकणं आणि हातानं लिहिणं यासारखी दुसरी शाळा नाही. आणि या शाळेत गणिताचा पेपर नव्हता!

१९४२ साली ‘भक्त दामाजी’ आणि ‘पहिला पाळणा’ या चित्रपटांसाठी त्यांनी गीतं लिहिली. संसारही याच सुमारास सुरू झाला. पत्नी विद्याताई यांनी पुढची सगळी ओढाताण आणि नंतरचा माणसांचा राबता, दोन्ही सारख्याच निगुतीनं सांभाळलं.

खरं नाव झालं ते १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटानं. राम जोशी हे पेशवाईतले सोलापूरचे शाहीर. या चित्रपटात गदिमांनी लेखन केलं, गीतं लिहिली, भूमिकाही केली. खरी कमाल अशी की जुनी लावणी कुठली आणि गदिमांची नवी कुठली, हे पाहणाऱ्यांना ओळखू येईना. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या शाहिराच्या शेजारी नवी रचना ठेवायची आणि जोड दिसू द्यायचा नाही, हे सोपं काम नाही. पुढं जन्मभर त्यांच्या बाबतीत हेच होत राहिलं. गाणं इतकं आपलं वाटायचं की ते कोणी एका माणसानं बसून लिहिलंय हेच लोक विसरायचे.

सिनेमाची तीस वर्षं

त्यानंतर गदिमांनी मागं वळून पाहिलं नाही. पुण्यात राजा परांजपे दिग्दर्शक, सुधीर फडके संगीतकार आणि गदिमा लेखक-गीतकार असं त्रिकूट जमलं. ‘जिवाचा सखा’, ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ अशी नावं सांगत गेलं तर आपल्या सोसायटीतल्या साठीच्या वरच्या मंडळींचे डोळे चमकतील. दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, आणि गीतांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगितली जाते.

सिनेमाचं गाणं कसं लिहितात हे थोडं समजून घेतलं पाहिजे. दिग्दर्शक प्रसंग सांगतो. गाणारं पात्र कोण, शहाणं की अडाणी, सुखात की दुःखात, हे ठरलेलं असतं. गाणं तीन-चार मिनिटांत बसलं पाहिजे. कधी चाल आधी तयार असते, मग शब्द त्या चालीच्या मापात बसवायचे. रेकॉर्डिंगची तारीख ठरलेली असते, वादक येऊन बसलेले असतात. एवढ्या बंधनात कविता राहिली पाहिजे. मागणीप्रमाणे लिहिलेलं म्हणून काही पंडितांनी अशा गीतांना कमी लेखलं. मला ते पटत नाही. सुतार गिऱ्हाईकाच्या मापानं चौकट करतो म्हणून त्याची कारागिरी कमी होत नाही. उलट माप चुकलं तर दार बसत नाही.

दोन उदाहरणं देतो. ‘गुळाचा गणपती’ हा १९५३ सालचा पु. लं.चा विनोदी चित्रपट. त्यात आळंदीच्या ज्ञानेश्वरांवरचा एक अभंग आहे, भीमसेन जोशींनी गायलेला. आज तो भजनी मंडळात टाळ-मृदंगावर म्हटला जातो. म्हणणाऱ्यांत कित्येकांना तो जुन्या संताचाच वाटतो. दुसरं, १९६१ सालचा ‘प्रपंच’. गदिमांच्याच ‘आकाशाची फळे’ या कादंबरीवर तो आधारलेला, गरीब कुंभाराच्या घरची गोष्ट. त्यात विठ्ठलालाच कुंभार मानून त्याच्याशी भांडणारं आणि त्याच्यापुढं नमणारं जे गीत आहे, ते ऐकताना अंगावर काटा येतो. लिहिणारा माणूस दुष्काळी गावातून आलेला आहे, हे त्यात कळतं.

हे झालं मोठ्यांचं. लहानांसाठी मोर आहे, मामाच्या गावाला जाणारी आगीनगाडी आहे. आपल्या देगलूरला अजून रेल्वे नाही. तरी या गावातल्या चार पिढ्यांची पोरं ती गाडी तोंडानं चालवतायत, एकमेकांचा सदरा धरून! चीनच्या युद्धानंतर १९६३ साली आलेल्या ‘छोटा जवान’ चित्रपटातलं त्यांचं समरगीत शाळाशाळांत म्हटलं गेलं. मीही रांगेत उभा राहून ते म्हटलंय.

हिंदीतही त्यांनी काम केलं. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचं लेखन गदिमांचं. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन शेती करायला लावणारा जेलर ही कल्पना हवेतली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाचा खुला तुरुंग खरोखर उभा राहिला होता. गदिमांच्या गावाजवळचाच तो प्रयोग. त्याच्यावर बेतलेल्या चित्रपटाला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मान मिळाला. माणदेशातल्या माळावरची गोष्ट जर्मनीपर्यंत गेली.

बावन्न अधिक चार

आता गीतरामायणाकडे येतो. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथले अधिकारी सीताकांत लाड हे गदिमांचे मित्र. रेडिओसाठी वर्षभर चालेल असं काहीतरी लिहा, असा त्यांनी आग्रह धरला आणि गदिमांनी रामकथा गीतांतून सांगायचं ठरवलं. आठवड्याला एक गीत, वर्षाची ५२. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, चार आठवडे वाढले, म्हणून गीतं ५६ झाली. गणितात नापास झालेल्या माणसापुढं पंचांगानं हे असं गणित टाकलं, आणि त्यानं ते सोडवलं.

१ एप्रिल १९५५, रामनवमीच्या सकाळी पहिलं गीत लागलं. त्या पहिल्या गीताचीही गोष्ट प्रसिद्ध आहे. गदिमांनी लिहून दिलेला कागद ऐन वेळी सापडेना. प्रसारण तोंडावर आलेलं. शेवटी लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि पंधरा मिनिटांत त्यांनी सबंध गीत पुन्हा लिहून दिलं, असं सांगतात.

सगळ्या चाली सुधीर फडके म्हणजे बाबूजींच्या. पहिलं गीत भूप रागात, शेवटचं भैरवीत. गायला माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक अशी एकाहून एक मंडळी. दर आठवड्याला नवं गीत, नवा राग, नवं पात्र. राम, सीता, दशरथ, कौसल्या तर बोलतातच, पण शूर्पणखा, कुंभकर्ण, शबरी यांनाही त्यांची बाजू मांडायला मिळते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत. ज्याच्या घरी रेडिओ नाही तो शेजाऱ्याच्या ओट्यावर बसे.

मांडणी बघा. पहिल्या गीतात लव-कुश रामापुढं बसून रामायण गातात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघांना रामायण गायला पाठवतात. म्हणजे शेवट झाला की आपण पुन्हा सुरुवातीला येतो. वर्तुळ पूर्ण. आणि ५६ गीतांत मात्रांचा हिशोब कुठं ढळत नाही. मी वहीत मात्रा मांडून काही गीतं तपासली आहेत, जुनी सवय म्हणा. ज्याला आपण गणित म्हणतो ते या माणसाच्या कानात होतं. परीक्षेच्या कागदावर ते उतरलं नाही, एवढंच.

गीतरामायण पहिल्यांदा लागलं तेव्हा आपलं देगलूर हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, गीतरामायण संपल्यानंतर काही महिन्यांनी. माझ्या घरी ते पोचलं कितीतरी उशिरा, कॅसेटवर. पण पोचलं. पुढं हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली, संस्कृत अशा अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले, तेही मूळ चालीवर म्हणता येतील असे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या गावाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आपल्या सोसायटीत कोणाकडे दुःखद प्रसंग घडला की त्या घरातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गीत हळू आवाजात ऐकू येतं. वनात भेटायला आलेल्या भरताची राम समजूत घालतो, ते. कोणी कोणाला लावायला सांगत नाही. माझी पत्नी गेली तेव्हा मीही तेच लावून बसलो होतो. शोकसभेतली भाषणं मी विसरलो, ते गीत सोबत राहिलं.

पंचवटी आणि दोन भाऊ

गीतरामायण लिहिलं गेलं ते पुण्यात मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ‘पंचवटी’ या घरात. गदिमांचं हे स्वतःचं घर. बदल्यांच्या गावी वाढलेल्या माणसाला स्वतःच्या घराचं मोल किती असतं, हे पंचवीस वर्षांपूर्वी कर्ज काढून, दागिने मोडून इथं फ्लॅट घेतलेल्या आपल्या पहिल्या पिढीला विचारा. पंचवटीत कलावंतांचा, नातेवाइकांचा, गावाकडच्या माणसांचा कायम राबता असायचा. घरचे त्यांना अण्णा म्हणत.

धाकटे भाऊ व्यंकटेश, म्हणजे तात्या. ‘बनगरवाडी’चे लेखक. त्यांचंही शालेय शिक्षण अर्धवटच राहिलं होतं. आता पुढचा हिशोब बघा. १९७३ साली यवतमाळला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अण्णा. बरोबर दहा वर्षांनी, १९८३ साली, आपल्या मराठवाड्यातल्या अंबाजोगाईला झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष तात्या. एका कारकुनाच्या घरातले, शाळा अपुरी राहिलेले दोन सख्खे भाऊ.

गदिमांना १९६९ साली पद्मश्री मिळाली. विधान परिषदेवर सदस्य म्हणून त्यांची नियुक्ती झाली होती. ‘जोगिया’, ‘चैत्रबन’, ‘गीतगोपाल’ ही काव्याची पुस्तकं, कथा, आठवणी असं पुष्कळ लेखन त्यांनी केलं. ‘वाटेवरल्या सावल्या’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक मुलांनी जरूर वाचावं. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८. आपल्याकडे त्या वयात माणूस नोकरीतून निवृत्त होतो.

थोडं माझ्याबद्दल

आता एक कबुली देऊन थांबतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणिताच्या वहीत, समासात तो कविता लिहायचा. चाचणीत त्याला पस्तीस मार्क पडायचे नाहीत. एकदा मी लाल शाईनं त्याचा तो सगळा समास आडवा खोडला आणि वर्गासमोर वही उंच धरून दाखवली. पोरं हसली. त्यानंतर त्याच्या वहीचा समास कोराच राहिला. मला तेव्हा वाटलं, सुधारला.

तो आज मोंढ्यात दुकान चालवतो, व्यवस्थित हिशोब ठेवतो आणि भेटला की वाकून नमस्कार करतो. तो ती गोष्ट कधी काढत नाही, मीच विसरू शकत नाही. मॅट्रिकच्या त्या निकालानंतर गदिमांनाही समास कोरा ठेवावा लागला असता तर?

म्हणून पालकांना विनंती आहे. गणित शिकवा, नक्की शिकवा, मी अजूनही संध्याकाळी फुकट शिकवायला तयार आहे. पण पोराच्या वहीचा समास खोडू नका. आणि कमिटीला एक सूचना. येत्या रामनवमीला हॉलमध्ये गीतरामायणाचा कार्यक्रम ठेवू या, आणि गणपतीत, गॅदरिंगमध्ये प्रत्येक गाण्याआधी गायक-संगीतकारांबरोबर ते लिहिणाऱ्याचंही नाव घेऊ या. खर्च काही नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व रहिवाशांना मनापासून शुभेच्छा!